शटरच्या दाराची मोटार घडवणाऱ्या हेमाताई भोईर

हेमाताई भोईर यांची आणि माझी पहिली भेट एका मोटारीत झाली, आणि ती मोटार मातीची होती. नव्या कल्पनेची गाडी आमच्या मोटार कंपनीच्या डिझाइन स्टुडिओत आधी खास मातीत घडवतात. मी सांगाड्याचं काम पाहणारा इंजिनिअर. मोजमापं घ्यायला गेलो होतो. समोर अंड्यासारखी उभट, माणसापेक्षा उंच गाडी होती. तिच्या पोटातून आवाज आला, "आत या. वाकू नका. वाकावं लागलं तर सांगा." मी सरळ चालत आत गेलो. ताई स्टुलावर बसून छत तासत होत्या.

गाडीत माणसानं वाकून का शिरायचं, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या साऱ्या तऱ्हेवाईक गाड्या त्यातूनच जन्मल्या. पहिल्या आराखड्यात गाडीचं तोंडच कपाटासारखं उघडत होतं. मी विचारलं, "ताई, घोडबंदर रोडच्या कोंडीत पुढे ट्रक चिकटला तर उतरायचं कुठून?" त्यांनी वाद घातला नाही. काही दिवसांनी एका सकाळी मला त्यांच्या घराजवळ, सिल्व्हर पार्कच्या बाजारात बोलावून घेतलं. एक दुकानदार शटर वर करत होता. ताई म्हणाल्या, "भाई, एक बार और नीचे करो ना." त्यानं केलं. मग पुन्हा, मग पुन्हा. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, अब धंधा करने दो." आमच्या गाडीची अख्खी बाजू शटरसारखी छतात सरकू लागली, ती त्या दुकानामुळे.

चालता नमुना तयार झाला. मोटारींच्या प्रदर्शनाआधी वरिष्ठांचं म्हणणं पडलं की गाडी नुसती फिरत्या मंचावर ठेवू, दार उघडून दाखवायची गरज नाही. ताई शांतपणे म्हणाल्या, "दार उघडणार नसेल तर तो पुतळा झाला. मी पुतळे करत नाही." अखेर परवानगी मिळाली. आणि नेमकं लोकांसमोर दार अर्ध्यावर अडकलं. हशा पिकला. आमच्यातल्या एकानं दिवे मालवायची खूण केली. ताईंनी त्याला थांबवलं, माइक हाती घेतला. "दार अडकलंय. दुरुस्त करते. थांबायचं असेल त्यांनी थांबावं." चपला काढून, पदर खोचून त्या मंचावरच बसल्या आणि छताची पट्टी उघडली. मी पाना देत होतो. बरेच लोक थांबले. दार सरकलं तेव्हा गर्दीतल्या काठी टेकणाऱ्या एक आजी कुणी न बोलावता पुढे आल्या आणि ताठ मानेनं आत जाऊन बसल्या.

तरीही कंपनीनं प्रकल्प बंद केला आणि नमुना मोडायचं ठरवलं. ताईंनी राजीनामा दिला. निरोपाच्या भेटवस्तूऐवजी त्यांनी ती गाडी मागितली आणि टेम्पोत घालून चेण्याला, त्यांच्या गावी, भावाच्या रिकाम्या गोदामात नेली. त्यांचे बंधू जनार्दनदादा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ताय, ही गारी हाय का पिंप?" ऑफिसात शुद्ध बोलणाऱ्या ताई म्हणाल्या, "गारीच हाय. चालंल, बघ तू."

तिथं मी सुट्टीच्या दिवशी जाऊ लागलो. त्याच सुमारास माझ्या आईला अर्धांगवायू झाला. बेव्हर्ली पार्कच्या आमच्या घरातून तिचं बाहेर पडणं बंद झालं, कारण साध्या गाडीत तिला बसवणं म्हणजे उचलून कोंबणंच होतं आणि तिला ते अपमानाचं वाटे. ताईंना हे कळलं. त्यांनी रुग्णवाहिका करून आईला चेण्याला आणलं, तिची चाकाची खुर्ची सरळ आपल्या गाडीत ढकलली आणि गोदामाच्या आवारात तिला फिरवून आणलं. मग विचारलं, "आई, काय चुकलंय सांगा." आई अडखळत म्हणाली, "खाली बसलं की रस्ता दिसत नाही." पुढच्या नमुन्याला पायाशी खिडक्या आल्या. ज्यांनी पाहिल्या ते हसले. आई मात्र त्यातून उतरायला तयार नव्हती.

काही वर्षांनी एका लहान वाहन-उत्पादकानं रुग्णांसाठीच्या व्हॅनला ताईंचं दार आणि जमिनीलगतचा तळ घेतला. अंड्याचा आकार टाकून दिला. मी चिडलो होतो. ताई म्हणाल्या, "आकार पुन्हा काढू. लोक ताठ मानेनं आत जातायत ना?" अशा व्हॅन आज आपल्या रस्त्यांवर धावतायत, आणि ताई नव्या आकाराच्या मागे लागल्यात.

ताईंच्या एकसष्टीच्या या वळणावर मी एवढंच मागतो, की त्यांची नजर आणि मनगटं अशीच बळकट राहोत, गुडघे कुरकुर न करोत आणि शंभरीपर्यंत रोज सकाळी गोदामाचं कुलूप त्यांच्याच हातानं उघडलं जावो. एकसष्टीच्या या सत्काराला त्या मोठ्या मुश्किलीनं तयार झाल्या, तेही एका अटीवर. भाषणं थोडक्यात आटपायची आणि येणाऱ्यांनी जुने कपडे घालून यायचं. नव्या गाडीची माती तासायची राहिली आहे.