पाचव्या दिवशी थांबणारं घड्याळ

तिने डूख धरला होता, आणि कुणी विचारलं तर ती तसं सरळ सांगायची. "लोक अपमान विसरतात तो आळशीपणामुळे," असं तिचं म्हणणं. "मी टापटिपीची आहे."

टापटिपीची होतीच. तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात तिने एक्स-रे काढले. न उघडता आत काय मोडलंय ते ओळखायचं, हा तिचा धंदा. नवरा नाही, मुलं नाहीत. धाकटी बहीण होती, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या आणि एक घड्याळ होतं.

घड्याळ मूळचं इस्पितळाच्या दालनातलं. पुरुषभर उंचीची लाकडी पेटी, आत दोरांना टांगलेली दोन वजनं, त्यांच्यामागे लंबक. रविवारी किल्ली दिली की आठ दिवस चालायला हवं, पण हे पठ्ठं दर शुक्रवारी थांबायचं. तीन घड्याळजींनी ते उघडलं, चाकन्‌चाक पुसलं, तेलं घातली. शुक्रवारी ते थांबलंच. इस्पितळाने भंगारात काढलं तेव्हा तिने ते घरी आणलं, आणि उघडलं मात्र नाही. समोर स्टूल टाकून बसली. बहिणीने आठवडाभर तिला ताट स्टुलावर नेऊन दिलं. शुक्रवारी दुपारी तिला दिसलं, की वजन हळूहळू उतरत लंबकाच्या गोळ्याच्या पातळीला आलंय आणि स्वतःच झुलायला लागलंय. पेटी जमिनीवर नुसती उभी होती, नखभर हलत होती. त्या हलण्याने वजनाला झोका मिळत होता आणि लंबकाचा जोर ते खात होतं. तिने पेटी दोन स्क्रूंनी भिंतीला घट्ट बसवली. त्यानंतर घड्याळ कधी थांबलं नाही.

घरोघरी इंटरनेट नुकतंच आलं होतं. जुन्या घड्याळांचा नाद असलेल्यांचा एक ग्रुप होता, साडेतीनशे माणसांचा. त्याला मालक नाही, मॉडरेटर नाही. कुणीही यावं, काहीही लिहावं. याचा सगळ्यांना केवढा अभिमान. "आपल्या दाराला कडी नाही," असं म्हणायचे. कडी नसलेल्या दारातून कुत्रंही आत येतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिने तिथे 'किल्लीवाली' या नावाने आपला शोध लिहिला. आपण एक्स-रे काढतो हे सांगून, जपून, नीट, स्क्रूच्या मापासकट. तासाभरात उत्तर आलं. लिहिणारा स्वतःला 'घटिकाराव' म्हणवायचा आणि त्याचा शब्द म्हणजे तिथला शेवटचा शब्द.

"बाई," त्याने लिहिलं, "ते घड्याळ आहे, कपडे वाळत घालायची दोरी नव्हे, भिंतीत ठोकून बांधायला. दोष यंत्रात असतो. तुम्ही आपल्या बरगड्या मोजा. आणि पुढच्या वेळी आधी जुन्या पोस्ट वाचा, मग तोंड उघडा."

खाली एकोणतीस जणांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. तिने मोजल्या होत्या. त्या दिवसानंतर तिने तिथे एक अक्षर लिहिलं नाही. वाचणं मात्र एक दिवस सोडलं नाही.

अठरा वर्षं वाचलं. घटिकारावाने एकेकाला कसं सोललं ते पाहिलं. एका दंतवैद्याने काटे दातांच्या ब्रशने पुसले म्हणून त्याला 'हजाम' केलं. एका शाळामास्तरांनी पहिलंच घड्याळ दुरुस्त करून फोटो टाकला, तर "मुलांचे निकालही असेच लावता का?" मास्तर गेले. दंतवैद्य गेला. थांबवणार कोण? दाराला कडी नव्हती. चांगली माणसं उठून गेली, आणि रिकाम्या खुर्च्यांवर केसवाढीचं तेल आणि पोट कमी करण्याच्या गोळ्या विकणारे येऊन बसले. शेवटी तेलवाले, गोळ्यावाले आणि घटिकाराव उरले. आणि गुपचूप वाचणारी ती.

मग ज्या कंपनीच्या साइटवर ग्रुप होता तिची सूचना आली. असे सगळे ग्रुप बंद होणार, महिनाअखेरीस सगळं पुसलं जाणार. त्याच आठवड्यात घटिकारावाची पोस्ट आली.

"मंडळी, मुलाकडे राहायला आलोय. वडिलांचं उभं घड्याळ बरोबर आणलं. रविवारी किल्ली देतो, शुक्रवारी थांबतं. तीनदा उघडून पुसलं. कुणाला काही सुचतंय का?"

तिने ते तीनदा वाचलं. मग उठून खिडकी उघडली, कारण तिला गरम व्हायला लागलं होतं.

"काय झालं गं ताई? कुणी गेलं का?" बहिणीने विचारलं.

"नाही. कुणीतरी आलंय. स्वतःच्या पायाने."

तिने सगळं सांगितलं. बहीण भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली. "मग सांगून टाक ना, दोन स्क्रू मार म्हणून. म्हातारा झाला असेल बिचारा."

"बिचारा? त्याने मला चार लोकांत नागडं केलं."

"अठरा वर्षं झाली."

"म्हणून काय विसरू? त्याने चार लोकांत म्हटलं होतं, आता चार लोकांत परत घ्यायचं."

"आणि ते चार लोक आणणार कुठून? तिथे तर तेलवालेच उरलेत म्हणतेस."

हे मात्र खरं होतं, आणि ते तिला झोंबलं. अपमान भरल्या सभेत झाला होता आणि माफी मिळणार ती ओसाड माळावर. त्याने सभाच उठवून लावली होती.

पण ती टापटिपीची होती. जुन्या पोस्टवर लिहिणाऱ्यांचे ईमेल पत्ते असायचे. ज्याला ज्याला घटिकारावाने सोललं होतं त्याचा त्याचा पत्ता तिच्या वहीत होता, तारखेसकट. तिने बारा जणांना लिहिलं: "रविवारी अकरा वाजता जुन्या जागी या. बोलू नका, नुसते बसा. घटिकाराव प्रश्न विचारतायत." तीन पत्रं परत आली. एकाच्या मुलीने वडील वारल्याचं कळवलं. एकाने काहीच कळवलं नाही. सात जण आले. दंतवैद्याने तर दवाखान्यातून, रोग्याला आ करून बसवून लिहिलं, "आलोय. जबड्याला सुई दिलीय, दहा मिनिटं आहेत."

अकराला तिने लिहिलं: "घटिकाराव, आधी जुन्या पोस्ट वाचा, मग तोंड उघडा. किल्लीवाली." आणि खाली अठरा वर्षांपूर्वीची तारीख. "त्या दिवशीची माझी पोस्ट इथे पूर्ण उतरवा. तुमच्या उत्तरासकट. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. मंडळी बसलीत."

खाली एकेक करून सात जणांनी नुसतं 'हजर' लिहिलं.

दोन दिवस काही नाही. बहीण म्हणाली, "पळाला."

"वाचतोय," ती म्हणाली. "सगळं वाचावं लागत असेल. स्वतःचं लिहिलेलं."

मंगळवारी त्याने उतरवलं. तिची पोस्ट, स्क्रूच्या मापासकट. खाली दोरी, बरगड्या, तोंड उघडणं, एक शब्द न गाळता. त्याच्याखाली एक ओळ: "चूक माझी होती. नुसती यातच नाही, पुष्कळ ठिकाणी. घड्याळ आज भिंतीला बसवलं."

मास्तरांनी लिहिलं, "पास."

शुक्रवारी त्याची पोस्ट आली, "चालू आहे." शनिवारी, "अजून चालू आहे. मंडळी, किती दिवसांनी सगळे आलात. थांबा ना आता." कुणीच उत्तर दिलं नाही. महिनाअखेरीस ग्रुप पुसला गेला, तेलागोळ्यांसकट.

सात जण मात्र पांगले नाहीत. मास्तर म्हणाले, कुठेतरी बसायला जागा हवी. तिने नवा ग्रुप काढला. याला कडी होती, आणि कडी तिच्या हातात. आत यायचं तर अर्ज करायचा, यायचं कारण लिहायचं, आणि तिने हो म्हटलं तर यायचं. दंतवैद्य ब्रशने काटे पुसतो आणि फोटो टाकतो. कुणी हसत नाही. एकदा एकाने हसायचा प्रयत्न केला, त्याला तिने दुपारच्या जेवणाआधी बाहेर काढलं.

आठवड्याभरात एक अर्ज आला. नाव: घटिकाराव. कारण: "दुसरं कुणी बोलायला नाही."

पडद्यावर दोन बटणं येतात, मंजूर आणि नामंजूर. तिने दोन्ही दाबली नाहीत.

"आत घे गं त्याला," बहीण दर रविवारी म्हणते. "माफी मागितली ना त्याने?"

"मागितली. मी ती घेतली."

"मग?"

ती स्टुलावर चढते, घड्याळाला किल्ली देते, वजनं वर जाताना पाहते. पेटीला हात लावून बघते, घट्ट आहे. मग खाली उतरून संगणक उघडते. अर्ज तिथेच असतो.

"अठरा वर्षांतला एक महिना झालाय," ती म्हणते, आणि बटणांवरून बोट न टेकवता फिरवून घेते.