हितूने पाळलेली शपथ

माझा भाऊ हितेंद्र खोटारडा नाही, हे आधीच सांगते. खोटारडा असता तर बरं झालं असतं.

आमचे आबा तंबाखूने गेले. गालाला भोक पडलं होतं, पाजलेलं पाणी तिथून बाहेर यायचं. पुढच्या वर्षी श्रावणात घरी कानबाई बसली, तेव्हा मी सतरा वर्षांच्या हितूच्या हातात देवीच्या प्रसादाचा रोट ठेवला आणि दरडावलं, "बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा. शिवलास तर याद राख!" आमच्याकडे रोटावर घेतलेली शपथ कुणी मोडत नाही. हितूनेही मोडली नाही. सगळ्या पिंप्राळ्यात मी सांगत सुटले होते, आमचा हितू सुपारीसुद्धा खात नाही म्हणून.

आणि एक दिवस ऐन थंडीत त्याच्या खोलीत टरबुजाचा वास. उशीखाली बोटाएवढी गुलाबी नळी. वेप म्हणतात तिला, आत निकोटीनचा रस असतो आणि त्याची वाफ ओढायची. "अक्का, ही तंबाखू थोडीच शे?" म्हणे. शपथेत हे नाव नव्हतं ना! मला काय डोंबल ठाऊक, असलंही काही निघेल म्हणून?

या नळ्यांवर बंदी तर कधीचीच होती, पण कॉलेजसमोरचा दुकानदार बरण्यांमागून काढून द्यायचा. यंदा धाडी पडल्या आणि बठ्ठा, सगळाच माल गायब. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मूर्ख मी!

पोरांनी आपापल्या वाटा काढल्या. निम्मे सिगारेटवर गेले. त्याच्या मित्राने, भूषणने, सुरतेहून कुणाकडून तरी दोन नळ्या मागवल्या. एक ओढली आणि दोन दिवस ओकत होता. हितूला नळी मिळेना आणि सिगारेटला शपथ आड. भरल्या ताटावरून उठायचा, आईवर खेकसायचा. धुळ्याला पोलीस भरतीची मैदानी परीक्षा आठ दिवसांवर, तीन वर्षं त्यासाठी धावलाय, आणि आता भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"डॉक्टरकडे चल," मी म्हटलं.

"काय सांगू त्यांना? पोलीस व्हायचंय आणि बंदीचा माल ओढतो?"

काल संध्याकाळी तोच माझ्याकडे आला. "अक्का, भूषणकडे ती दुसरी नळी पडून शे. घेऊ?"

"मरायचंय का तुला?"

"मग एका सिगारेटपुरती शपथ सोडव. मोडायची माझी छाती नाही होत. तू घातलीस, तूच सोडव."

मी तोंडाला येईल ते बोलले. आबांचा गाल आठव, म्हटलं. तो नुसता रडत राहिला, बावीस वर्षांचा घोडा. माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. नुसती भीती उरली.

शेवटी चपला अडकवल्या आणि कोपऱ्यावर बन्सीलालभाऊंच्या टपरीवर गेले. जन्मात सिगारेट हातात धरली नव्हती, कोणती मागायची तेही कळेना. ओढणीखाली लपवून आणली आणि हितूला दिली.

त्याचे हात इतके कापत होते की काडी पेटेना. मग मीच पेटवली.