दारासमोरचा कडुलिंब

भवानी पेठेत आमच्या दारासमोरचा कडुलिंब मी आणि शेजारच्या वहिनींनी मिळून वाढवला. नळाला रोज पाणी येत नसे, म्हणून तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी आम्ही दोघी त्यालाच घालायचो. पुढे लिंबोळ्या खायला पोपट येऊ लागले, तेव्हा वहिनीच मला हाक मारून दाखवायच्या.

गेल्या उन्हाळ्यात मी बहिणीकडे अक्कलकोटला गेले. परतले तर झाडाचा नुसता बुंधा उरला होता आणि त्याला लागून वहिनींच्या मुलाची नवी कार उभी होती.

"गाडीवर लई पाला पडला असता की," वहिनी म्हणाल्या.

"मला विचारायचं तरी!"

"तुम्ही नको म्हणाला असता. म्हणून तर तुम्ही गावाला जायची वाट बघितली."

झाड गेल्याचं दुःख होतंच. पण मी निघाले तेव्हा याच वहिनी मला रिक्षापर्यंत पोचवायला आल्या होत्या, "चांगलं निवांत राहून या," म्हणाल्या होत्या. ते आठवलं आणि मला तिथं उभं राहवेना.

नंतर मी दुसरं रोप आणलं, ते गच्चीवर पिंपात लावलं. तिथं ते फार वाढणार नाही, हे मला कळतं. पण गल्लीत लावायला मन धजलं नाही.