शेहेचाळीस डबे आणि म्हसोबाचा चढ

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाचं तोंड मला कधीच आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला समजूतदार म्हणायला नको. तोही मला पाण्यात पाहायचा. पण मी पडलो त्याच्या बहिणीचा नवरा, त्यामुळे तो मला 'दाजी' म्हणायचा आणि मी त्याला 'पाव्हणं'. आम्ही एकमेकांना शिव्यासुद्धा अहोजाहो करून द्यायचो.

लढाई संपली आणि मी बसऱ्याहून परत आलो. तिकडे फौजेच्या रेल्वेत मी मोठी इंजिनं चालवली होती. वडूजकडच्या आमच्या माळावर बाजरीशिवाय काही नव्हतं, म्हणून कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात डायव्हर म्हणून लागलो. तिथली गाडी पाहिली आणि मला हसूच आलं. दोन फूट रुंदीची लाईन, कमरेएवढ्या उंचीचे उसाचे डबे, आणि अंघोळीच्या बंबाला चाकं लावावीत तसं इंजिन. आत बसलं की माझे गुडघे बाहेर यायचे. अशी दोन इंजिनं होती. एक माझ्याकडे, दुसरं मेहुण्याकडे. तो तिथं लढाईच्या आधीपासून होता आणि ते रोज एकदा तरी ऐकवायचा.

त्या वर्षी मॅनेजरच्या डोक्यात एक भूत शिरलं. खाली दक्षिणेकडच्या कुठल्याशा कारखान्यानं असल्याच इंजिनामागं पस्तीस डबे ओढले, असं त्याच्या कानावर आलं होतं. आमच्याकडे पंचवीसच्या वर कुणी गेलं नव्हतं. गाळप संपायच्या दिवशी मुंबईहून मालक येणार होते, आणि त्यांच्यापुढे मॅनेजरला सगळ्यात लांब, सगळ्यात जड गाडी उभी करायची होती. त्यानं आम्हा दोघांना बोलावलं. नवं मोठं इंजिन येतंय, म्हणाला, डायव्हर एकच लागणार. जो जास्त डबे आणील तो त्या इंजिनावर. दुसऱ्यानं यार्डात पहार घेऊन रूळ सरकवायचे. अट एवढीच की गाडी शेतापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत अखंड यायची, एका इंजिनानं, मागून कुणी ढकलायचं नाही.

एवढं बोलून तो माणूस पान खायला निघून गेला. दोन नातेवाईक त्यानं कोंबड्यांसारखे झुंजायला सोडले होते आणि त्याला त्याचं काही नव्हतं. मला मात्र होतं. फौजेतून आलेल्या माणसानं पहार हातात धरायची आणि मेहुण्यानं वरून भोंगा वाजवत जायचं, या विचारानं मला घास गोड लागेना.

सगळ्या लाईनीवर अडचणीची जागा एकच, म्हसोबाचा चढ. चढाच्या पायथ्याला पाण्याची टाकी, आणि टाकीला लागूनच माझ्या बायकोचं माहेर. तिथं पाणी घ्यायला थांबायचं आणि थांबलेली गाडी चढावर काढायची.

कोण किती डबे जोडणार ते दोघांनी आधीच सांगून टाकलं होतं. गाळप संपायच्या आदल्या दिवशी मेहुणा माझ्या इंजिनापाशी आला.

"दाजी, शेहेचाळीस सांगितलं म्हनं तुमी. लय हुत्यात. म्या चाळीसवर थांबलोय."

"थांबा की पाव्हणं. आमाला थांबायची सवय न्हाई."

तो हसला आणि गेला. ते हसणं मला अजून आठवतं आणि अजून राग येतो.

आमच्या इंजिनांना रेतीची पेटी नव्हती. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून एक गडी पुढच्या आडव्या पट्टीवर बसून मुठीनं रुळांवर वाळू टाकायचा. मी त्या गड्याला उतरवलं. बसऱ्याच्या डायव्हरला मूठभर वाळू टाकणारा माणूस लागतो, असं कुणी म्हणायला नको होतं.

सकाळी मेहुणा चाळीस डबे घेऊन गेला आणि चढ चढून कारखान्यात पोहोचला. त्याच्या भोंग्याचा आवाज मला शेतात ऐकू आला. जेवणवेळेला मी निघालो. मागं पाहिलं तर शेवटचा डबा दिसतच नव्हता. गाडी लाईनीच्या दोन वळणांवर पसरलेली. त्या लाईनीवर एवढी गाडी कुणी पाहिली नव्हती, आणि बांधाबांधावरून माणसं उभी राहून पाहत होती. छाती फुगली हे कबूल करतो.

टाकीपाशी थांबलो तर अख्खं गाव जमलेलं. बायका आरत्या घेऊन आलेल्या. माझी बायकोही आदल्या दिवशीच माहेरी आली होती. मी कुणाकडे पाहिलं नाही. खाली उतरलो आणि डब्यांचे हूक तपासत मागं शेवटापर्यंत गेलो. दुरून बायका इंजिनाभोवती वाकलेल्या दिसल्या. हळदकुंकू चाललं असेल, म्हटलं, चालू द्या.

आमच्या भागात बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू ओढून आवळलेले खांदे हळद आणि तुपातेलानं मळतात. बाकी कुणी करो न करो, ऊसवाल्या घरात ही मळणी चुकत नाही. बेंदूर अजून लांब होता, पण त्या गावच्या बायकांच्या लेखी त्यांचा ऊस ओढणारं इंजिन हा बैलच होता. बैलाचे खांदे मळतात. इंजिनाला खांदे कुठले? त्यांनी चाकं मळली. एवढ्यावर थांबल्या नाहीत. ज्या वाटेनं ते जाणार, ती वाटही मऊ व्हावी म्हणून पुढच्या रुळांवरूनही वीसेक पावलं हात फिरवत गेल्या.

मी येऊन बसलो, भोंगा दिला आणि वाफ सोडली. चाकं जागच्या जागी गरगर फिरली. पुन्हा सोडली. इंजिन नाचलं, गाडी हलेना. लोक ओरडायला लागले, मला चेव चढला, आणि मी सगळी वाफ एकदम सोडली. धक्क्याधक्क्यानं इंजिन चढाला लागलं. अर्धा चढ गेल्यावर चाकांनी एकदम पकड घेतली आणि हिसक्यासरशी मधला एक हूक तुटला. मागचे वीस-बावीस डबे उलटे पळाले आणि ओढ्याच्या वळणावर एकावर एक पालथे झाले. मागच्या ब्रेकवरचा गडी वेळेवर उडी मारून वाचला. ऊस सगळा ओढ्यात.

खाली उतरून मी चाकाला हात लावला. हात पिवळा आणि ओशट झाला. मग मला कळलं.

मी बायकोला शोधून काढलं आणि तिच्या आईसमोर, भावकीसमोर, सगळ्या गावासमोर जे तोंडाला येईल ते बोललो. माझं वाटोळं केलंस, बैलाच्या अकलेची आहेस, भावासाठी नवऱ्याचा काटा काढलास, असलं सगळं. ती हळदीचे हात पदराआड धरून उभी होती.

तेवढ्यात मॅनेजरबरोबर ढकलगाडीवरून मेहुणा आला. मी त्याची गचांडी धरली.

"पाव्हणं, तुमीच शिकवलं न्हवं बायकांना?"

"हात काडा, दाजी." त्यानं माझा हात झटकला. "माज्याबी चाकाला चोळलं त्यांनी. म्या उतरलो, चोळू दिलं, पाया पडलो. मग म्हनलं, तुमचा हात लागला, आता माजा लागू द्या. चाकांना राख चोळली, रुळावर वाळू टाकली. त्यांस्नी वाटलं, म्या पूजाच करतोय."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"तुमी फौजंतलं डायव्हर. तुमास्नी कोन सांगनार?" तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "आन् सांगायचं मनात बी न्हवतं. पर माज्या बहिनीला माज्या दारात असं बोलायचं काम न्हवतं. पहार उद्यापासनं धरा."

मॅनेजरनं मान डोलावली. मालकांना चाळीस डब्यांची गाडी दाखवली, फोटो निघाला, आणि मी दुसऱ्या दिवशी यार्डात पहार धरली. मेहुण्याचं नवं इंजिन रोज माझ्या डोक्यावरून भोंगा वाजवत जायचं. तो मुद्दाम जास्त वेळ वाजवायचा, हे मी आजही शपथेवर सांगीन.

बायको घरी आली, पण आठ दिवस बोलली नाही. मीही बोललो नाही. चूक तिची, मी कशाला बोलू? नवव्या दिवशी मी जेवायला बसलो होतो. तिनं ताटात भाकरी टाकली आणि चुलीकडे तोंड करून म्हणाली, "दादाच्या इंजिनाला गावानं त्याल लावलं. तेलानं काय एवडं घसरत न्हाई. तुमच्या इंजिनाला म्या लोनी लावलं. पंधरा दीस साठवलं हुतं. तुमचं पयलं यावं म्हून."

ती माझ्याकडे वळून बघत उभी राहिली. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबली होती, हे मला स्वच्छ कळत होतं. तोंडात घास होता, तो मी गिळला.

"कालवणात मीठ कमी हाय," मी म्हणालो.