धर्मराजचा दहावा चाकू

धर्मराज आमच्या पावणे गावातल्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. १९८३ साली त्याच्याकडे नऊ चाकू होते. त्यातल्या एकानेही त्याने कधी काही कापलं नव्हतं.

नऊही चाकू दादूने केलेले. दादू पावणे गावचाच. जमीन कारखान्यांत गेली, मागोमाग तोही गेला. टूलरूममध्ये ग्राइंडरवर होता. झिजून भंगारात गेलेल्या कानशीतून तो बोटभर पात्याचे चाकू करायचा. जेवणाची सुट्टी अर्धा तास. दहा मिनिटांत भाकरी आणि सुकट, उरलेली वीस मिनिटं चाकू. एका चाकूला चौदा सुट्ट्या लागत. मी शेजारच्या व्हाइसवर, म्हणजे पकडीवर, होतो, मोजल्या आहेत. पैसे तो घेत नसे.

पण त्याची एक रीत होती. ज्याला चाकू हवा, त्याला आधी कच्च्या मुठीचा चाकू मिळे. मूठ साध्या लाकडाची, रंग नाही, पॉलिश नाही. महिनाभर त्याच चाकूने रोजचं काम करायचं आणि दादूला आणून दाखवायचा. मूठ कुठे काळी पडली, अंगठा कुठे दाबतो, धार कुठे झिजली, हे बघून दादू खरा चाकू करायचा. त्यामुळे त्याचा चाकू एकाच माणसाच्या हातात बसे. पॅकिंगवाल्या पोपटचा पोपटच्याच हातात. दादूची बायको पुतळाबाई ज्याने खाडीवरची कालवं फोडायची, तो तर आम्हाला धरताही येत नसे.

धर्मराजचे नऊ चाकू असे दुसऱ्यांच्या हातांचे होते. स्टोअरचा नियम कडक: जुना हातमोजा जमा केल्याशिवाय नवा नाही. त्याने एकदा पोपटला अर्धा मोजा आणला म्हणून परत पाठवलं होतं. चाकू समोर ठेवला की मात्र मोज्यांचा अख्खा जोड निघे, वर साबणाची वडी. पोपटने तसाच दिला आपला चाकू आणि पुढचं वर्षभर पॅकिंगच्या सुतळ्या पत्र्याच्या तुकड्याने कापल्या.

धर्मराजने तुर्भ्याहून चामड्याची नऊ घरं शिवून आणली. रोज एक चाकू शर्टाच्या खिशात. सोमवारचा वेगळा, मंगळवारचा वेगळा. टपाल आलं की पाकीट बोटाने फाडायचा.

"साहेब, चाकू आहे की खिशात," पोपट म्हणायचा.

"डिंक लागतो पात्याला. तुला नाही कळणार."

पुढच्या जानेवारीत दादू निवृत्त होणार असं कळलं, तेव्हा धर्मराजची झोप उडाली. नऊ चाकू होते, पण मूठ आवळली की प्रत्येक चाकू सांगायचा, मी तुझा नाही. स्वतःच्या हाताचा एक हवा होता. तो दादूकडे आला.

"दादूमामा, जायच्या आधी माझा एक."

दादूने कच्च्या मुठीचा दिला. "महिनाभर काप. मंग आन."

धर्मराजने तो आठव्या दिवशी आणला. मूठ काळी झाली होती, धार झिजली होती. दादूने पातं उजेडात धरलं. धारेवर निळी झाक होती.

"ग्राइंडरवर लावलंस. पानी नाय घातलंस. जळली धार." मग मुठीचा वास घेतला. "आनि हे वंगान हाय."

आम्ही हसलो. दादू हसला नाही. कापण्याचं नाटक करायचं तरी निदान ग्राइंडर चालवायला शिकावं, असं त्याला वाटत असावं. त्याने दुसरा चाकू दिला. "ह्याच्यानंतर नाय. माझे सुट्टीचे दिस मोजके हायेत."

धर्मराजने दोन दिवस खरंच प्रयत्न केला. स्टोअरमध्ये सुतळी कापताना अंगठा कापला, पट्टी बांधली, दोन दिवस रजा टाकली. मग चाकू कोपरखैरण्याच्या खोलीवर नेऊन बायकोला, सगुणाला दिला. हे पुढे तिनेच आम्हाला सांगितलं.

"महिनाभर विळी ठेव बाजूला. सगळं याच्याने कापायचं."

"काम तुमचं आणि हात माझा?"

"घरातलंच आहे ना सगळं."

सगुणाने कापलं. कांदे, मेथी, भेंडी, सुके बोंबील. महिन्यात मूठ हळदीने पिवळी आणि घामाने काळी झाली. धर्मराज खूश झाला. याला कोण खोटं म्हणणार?

दादूने चाकू बराच वेळ फिरवून पाहिला. अंगठ्याचा खळगा पाहिला, धार पाहिली. धर्मराजच्या अंगठ्यावरच्या कापल्याच्या व्रणाकडेही पाहिलं. दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीत कानस पकडीत धरली.

या चाकूला चौदा नाही, एकोणीस सुट्ट्या लागल्या. मूठ त्याने शिसवीची केली, तीन पितळी रिव्हेट मारले. शेवटच्या दिवशी निरोपाचा नारळ हातात घेऊन तो स्टोअरच्या खिडकीशी आला आणि चाकू आत सरकवला. धर्मराजने मूठ आवळली. पुन्हा आवळली. अंगठा जिथे जायला हवा, तिथे मुठीला फुगवटा होता.

"मामा, बसत नाही हातात."

"डाव्या हातानं धर."

त्याने डाव्या हातात धरला. खळगा अंगठ्याखाली आला, पण बोटांना मूठ आखूड पडली.

"डावखुरी हाय तुजी बायको," दादू म्हणाला. "हात लहान. कापते मातुर सरळ. जिनं काम केलं, तिचा चाकू."

धर्मराजच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. सगुणा जेवायची उजव्या हाताने, वाढायची उजव्या हाताने, तसंच वळण लावलेलं. विळीवर तर दोन्ही हात लागतात. त्या महिन्याआधी चाकू तिच्या हातात कुणी दिलाच नव्हता, आणि महिनाभर धर्मराजने पाहिली फक्त मूठ, तर तो कोणत्या हातात जातो हे कळणार कुठून? इतकी वर्षं खिशात चाकू घेऊन हिंडलेल्या माणसाला हे दादूकडून कळलं. तेही दादूने तिला न बघता.

आठ दिवस त्याने तो चाकू दहावं घर शिवून पेटीत ठेवला. नवव्या दिवशी सगुणाने विचारलं, "माझा चाकू कुठे ठेवलात?" चाकू दादूने कुणासाठी केला, ते तिला पोपटच्या बायकोने सांगितलं होतं.

पुढे एका रविवारी मी आणि पोपट त्याच्याकडे जेवायला गेलो. धर्मराजने चटईवर नऊ चाकू ओळीने मांडले, एकेकाची माहिती दिली. पोपटने आपला ओळखला, उचलला, हातात तोलला आणि खिशात घातला. धर्मराज त्याच्याकडे बघत राहिला. परत मागायची हिंमत झाली नाही.

"दहावा दाखव की," मी म्हणालो.

तो उठून स्वयंपाकाच्या ओट्याशी गेला. सगुणा कोथिंबीर चिरत होती, डाव्या हाताने, झरझर.

"जरा दे ना. पाहुण्यांना दाखवायचाय."

"लिंबं राहिलीत अजून," ती म्हणाली. "थांबा तिथेच."

तो थांबला.