नागपूर ते मेलबर्न, व्हाया शेजाऱ्याचं देवघर

विमान सकाळी अकराला होतं. साडेआठला देवीदासजींचा फोन आला, की त्यांचा आणि बायकोचा, दोघांचेही पासपोर्ट शेजाऱ्याच्या देवघरात आहेत, घराला कुलूप आहे आणि शेजारी धानाच्या रोवणीसाठी कुहीला, गावाकडच्या शेतावर गेला आहे.

नागपूरच्या महाल भागात माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. देवीदासजी बुटीबोरीच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. मुलगी मेलबर्नला, तिचं सिझेरियन गुरुवारी सकाळी ठरलेलं. तिथे तिचं आणि जावयाचं दुसरं कोणी नाही. गुरुवारच्या आत पोचणारं हे एकच तिकीट मला मिळालं होतं.

त्या तिकिटावरून त्यांनी माझं डोकं खाल्लं होतं. फोनवर नकाशा उघडून ते मला अंतर दाखवत. साडेनऊ हजार किलोमीटर, म्हणजे बारा तास. मग तुमच्या तिकिटात एवढे तास कसे?

"मॅडम, मेलबर्न खाली आहे. मंग आपण वर दिल्लीले काहून जाऊन राहिलो? अन् तिथं सात तास बसून काय कराचं?"

मी सांगितलं, की नकाशावरची रेघ कावळ्यासाठी असते. प्रवाशाला विमान असेल तिथूनच जावं लागतं. दिल्लीतले सात तास म्हणजे लेओव्हर, दोन विमानांमधला मोकळा वेळ. घोटाळा झालाच तर तोच कामी येतो. ते म्हणाले, घोटाळे तुमच्याकडे होत असतील.

आणि आता हे. निघायच्या दिवशी, मंगळवारी, मुहूर्त चांगला नव्हता म्हणून रविवारीच त्यांनी प्रस्थान ठेवलं. म्हणजे शुभ वेळ साधून सामानातली एक पिशवी शेजारी नेऊन ठेवायची, की प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. एखादा टॉवेल पुरला असता. यांनी पासपोर्ट ठेवले. मी कपाळावर हात मारून घेतला.

कुहीला जाऊन किल्ली आणायची म्हणजे अकराचं विमान गेलंच. आणि पहिलं विमान न कळवता चुकवलं, की पुढचं तिकीटही रद्द होतं. मी त्यांना कुहीला पिटाळलं आणि एअरलाइनला फोन लावला. अर्धा तास नुसतं संगीत ऐकलं. शेवटी तीनच्या विमानात दोन जागा मिळाल्या. ते दिल्लीला पोचले तेव्हा सातातले तीन तास उरले होते.

गुरुवारी दुपारी नातीचा फोटो आला. राग विसरून मी ऑफिसात एकटीच रडले. पाठोपाठ देवीदासजींचा फोन.

"पाहा मॅडम, प्रस्थान ठेवलं होतं म्हणून टायमावर पोचलो. परतीले तेवढं दिल्लीत कमी बसवा."

मी परतीच्या तिकिटात लेओव्हर आठ तासांचा घेतला. आता प्रत्येक तिकिटाखाली मी हाताने एक ओळ लिहिते: प्रस्थानाच्या पिशवीत पासपोर्ट ठेवू नये. ती कोणी वाचत नाही.