वडिलांना उठलेली नागीण

वैजापूरचे काका गेले, तेव्हा वडील हृदयाच्या झटक्यातून नुकतेच घरी आले होते. धाकट्या भावाची बातमी ऐकून यांचंही काही बरंवाईट व्हायचं, या भीतीनं पुंडलिकनगरच्या आमच्या घरात आई, बायको आणि मी कट केला. ऑफिसचं काम सांगून मी वैजापूरला जाऊन काकांना पोचवून आलो. वडिलांना ताकास तूर लागू दिली नाही. भावाचा फोन का येत नाही, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. आम्ही खूश!

आठवडाभरानं त्यांच्या बरगडीवर फोडांचा पट्टा उठला. नुसती आग आग. आईचं धाबं दणाणलं. "नागीण हाय ही. तोंड नि शेपूट जुळलं तर माणूस ऱ्हात नाय," म्हणत तिनं गेरू उगाळायला घेतला. मी चिडलो, वडिलांना रिक्षात घातलं आणि उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आई मागं लागून आलीच.

बाई म्हणाल्या, "लहानपणच्या कांजिण्यांचे विषाणू नसांमध्ये झोपून राहतात. वय झालं, त्यात मनावर ओझं पडलं, की अंगातली ताकद कमी पडते आणि ते उठतात. मनात कोंडलेलं शरीराला भोगावं लागतं. इतक्यात काही दुःखाचं घडलंय का?"

"छे! यांना काहीच माहीत नाही," मी म्हणालो आणि जीभ चावली.

वडील शर्टाची बटणं लावत होते. "म्हाईत हाय," ते शांतपणे म्हणाले. "घरात देवाला दिवा लागंना, पूजा होईना. सुतक नाय तर काय? आन् आमच्या भावंडांत जायला तेवढा एकच तर ऱ्हायला होता."

मरण लपवलं होतं, पण सुतक मोडायची आमची छाती झाली नव्हती. बापाला फसवायला कचरलो नाही, देवाला फसवायला घाबरलो. वा रे शहाणे!

"मग बोलले का नाय हो?" आईनं विचारलं.

"तू रोज पदराआड डोळे पुसायची. मला कळलंय हे तुमाला कळलं आसतं, तर तुमचाच जीव टांगणीला लागला आसता. छातीला जपा म्हणले होते ना डॉक्टर? म्हणून गप ऱ्हायलो."

हा माणूस आमच्या डोळ्यांदेखत एकटा भावाचं सुतक पाळत होता. दाढी करत नव्हता, गोडाला हात लावत नव्हता, बोलता बोलता शब्द विसरत होता. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो. मला भयंकर राग आला, आमचा आणि त्यांचाही, आणि तो राग कुणावर काढावा ते कळेना.

वडील डॉक्टरीणबाईंकडे वळले.

"बाई," त्यांनी विचारलं, "आता रडलो तर चालंल का?"